चार घोडे आणि अर्धा गुण

बुद्धिबळात हरून घरी यायला काही लागत नाही. मान खाली घालायची आणि गल्लीच्या कडेकडेने निघायचं. जिंकून यायला तर त्याहूनही कमी लागतं, पाय आपोआप बाजारपेठेतून वळतात. अवघड असतं ते डाव बरोबरीत सोडवून धरणगावच्या रस्त्याने घरी येणं. परवाच्या रविवारी मी तो प्रयोग करून पाहिला.

पहिली गाठ पानटपरीवाल्याची पडली. त्याला माझ्या पराभवांचा इतिहास तोंडपाठ आहे.

"काय भो, कोन जितनं?"

"कोनीच नही. बराबरी."

त्याचा चुन्याचा हात पानावर थांबला. "मंग तीन तास बठीसन काय करं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे दोन शब्द मी मराठीत, दोन अहिराणीत समजावून सांगितले: दोघांनाही अर्धा अर्धा गुण मिळतो, कुणी हरत नाही, कुणी जिंकत नाही. त्याने शांतपणे ऐकलं, पान दुमडलं, लवंग टोचली आणि म्हणाला, "म्हंजे तारीख पडनी."

मी मान हलवली. एवढ्या थोडक्यात बरोबरीची व्याख्या मी कुठल्याच पुस्तकात वाचलेली नाही.

आमच्या गावाला निकाल लागतो. कापूस गेला की घरात पडून आहे, पोरीचं जमलं की मोडलं, उमेदवार आला की पडला, असं एका शब्दात सांगावं लागतं. सतराव्या शतकात इंग्रजांनी इथे कापडाच्या व्यापारासाठी वखार घातली आणि शिवाजी महाराजांच्या फौजेने ती लुटली. तेव्हाही कुणी 'अर्धी लुटली, अर्धी ठेवली, दोघेही समाधानी' असं म्हटल्याची नोंद नाही. अशा गावात मी तीन तास खेळून अर्धा गुण घेऊन निघालो होतो.

आमच्या क्लबाला नाव नाही, कारण पाटी नाही. आणि पाटी नाही, कारण नावावर एकमत नाही. एकाला बालकवींचं नाव हवं. ते आमच्या गावचे, 1890 साली इथे जन्मले, त्यामुळे धरणगावात कशालाही नाव द्यायची वेळ आली की पहिला हक्क त्यांचा. दुसरा म्हणतो, बालकवी बुद्धिबळ खेळत होते याचा पुरावा आणा. या मुद्द्यावरची बैठकही बरोबरीत सुटली. तेव्हापासून आम्ही एका जुन्या वाड्याच्या ओसरीत, दोन प्लॅस्टिकचे पट, एक खऱ्या लाकडाचा पट आणि एक दुतोंडी घड्याळ एवढ्या भांडवलावर चालतो आहोत. घड्याळाचं एक तोंड दुसऱ्यापेक्षा तासाला चार मिनिटं पुढे जातं. ती बाजू कुणाला द्यायची यावर नाणेफेक होते. पांढरी-काळी मोहरी नंतर.

पंच म्हणून एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टरभाऊ आहेत. त्यांना बुद्धिबळ बेताचं येतं, पण भांडणाऱ्या दोन माणसांच्या मधे उभं राहण्याचा बत्तीस वर्षांचा अनुभव आहे. पंचाला आणखी काय लागतं?

आणि गुरुजी. त्यांनी मला पाचवीत गणित शिकवलं. माझं वय आज पंचावन्न आहे, पतपेढीत माझ्या सहीवर कर्ज मंजूर होतं, पण पटापलीकडे गुरुजी बसले की मी पाचवीतच असतो. ते माझ्या चालीकडे बघत नाहीत, माझ्या नखांकडे बघतात.

तर डाव असा झाला.

मी पांढरी घेऊन राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. गुरुजींनीही तेच केलं. (माझे आजोबा देशी पद्धतीने खेळायचे. त्यात प्यादं एकेक घरच चालतं, राजाला एकदा घोड्यासारखी उडी घ्यायची मुभा असते, आणि समोरच्याचा राजा एकटा उरला की त्याला बुर्जी म्हणतात. त्यांचा एक डाव लग्नाच्या मुहूर्तापासून वरात निघेपर्यंत चालल्याचं घरात सांगतात. दोन घरं उडी मारणारं प्यादं पाहून ते म्हणायचे, "एवढी घाई कशाला? पुढे मरायचंच आहे.") मी राजाकडचा घोडा काढला, गुरुजींनी वजिराकडचा. मी दुसरा काढला, त्यांनीही दुसरा. तीन चाली झाल्या आणि चारही घोडे मैदानात आले.

या सुरुवातीला इंग्रजीत 'फोर नाइट्स' म्हणतात. आम्ही 'चार घोडे' म्हणतो. खानदेशी माणसाला ही सुरुवात आवडण्याचं कारण शोधायला लांब जायला नको. तापीच्या काठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला यात्रा भरते आणि घोड्यांचा बाजार बसतो. लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून मी तो पाहिला आहे. काळे, पांढरे, अबलख, एकेकाचा तोरा असा की मालकच त्याच्यामागे नोकरासारखा चालतो. तीन चालींनंतरचा आमचा पट तसाच दिसत होता. चार घोडे एकमेकांकडे बघत फुरफुरत होते. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं, आता इथे रणकंदन होणार.

क्लबातला खेळाडू 'चार घोडे' का निवडतो, ते मात्र वेगळं आहे. या सुरुवातीत पाठांतर थोडं. सिसिलियन खेळायचं तर वीस चाली घोकाव्या लागतात, आणि आमच्या वयात रक्तदाबाची गोळी सकाळी घेतली की नाही तेही आठवत नाही. शिवाय ही सुरुवात सभ्य आहे. घोडे काढा, उंट काढा, राजाला किल्ल्यात न्या, कुणी कुणाला दुखवू नका. मी गुरुजींना हरवू इच्छित नव्हतो असं नाही. पण त्याहून जास्त मला त्यांच्याकडून हरायचं नव्हतं. आणि आता कळतंय की पलीकडच्या खुर्चीतही नेमकी हीच भावना बसली होती.

या सुरुवातीशी माझं जुनं वैरही आहे. पाचवीत असताना गुरुजींनी मला याच डावात धडा शिकवला होता. मी काळी मोहरी घेऊन ठरवलं की ते जे करतील तेच आपण करायचं. त्यांनी घोडा, मी घोडा. त्यांनी उंट, मी उंट. त्यांनी राजा किल्ल्यात नेला, मीही नेला. बारा चाली हा प्रकार सुरळीत चालला. तेराव्या चालीला त्यांनी शह दिला, आणि शहाची नक्कल करता येत नाही! आपला राजा आधी वाचवावा लागतो. सोळाव्या चालीला माझ्यावर मात झाली. ही काही गुरुजींची करामत नव्हे, 'चार घोडे'मधली प्रसिद्ध वाट आहे. पण ते म्हणाले, "शेजारच्याच्या पाटीत बघणाऱ्याचं हे असं होतं." त्यानंतर चाचणी परीक्षेत मी शेजारच्या पाटीत बघणं सोडलं असं मात्र नाही. फक्त तेरावं गणित स्वतः करायला लागलो.

परवा चौथ्या चालीला मी उंट तिरका नेऊन त्यांच्या घोड्यावर रोखला. इथे गुरुजींनी चष्मा वर केला आणि तोच घोडा उचलून थेट पटाच्या मधोमध माझ्या घोड्याच्या तोंडासमोर ठेवला. ओसरीतल्या बघ्यांनी श्वास रोखला. वास्तविक ही चाल पोलंडच्या आकिबा रुबिनस्टाइनच्या नावाने ओळखली जाते आणि शंभर वर्षं खेळली जाते आहे. पण आमच्या क्लबात पुस्तकातली चाल कुणी खेळली की 'पाहा, या वयातही सुचलं' असंच मानलं जातं.

मी त्यांचा घोडा मारला. त्यांनी प्याद्याने माझा मारला. मी राजापुढचं प्यादं आणखी पुढे ढकलून त्यांच्या उरलेल्या घोड्यावर धरलं. त्यांनी तिकडे ढुंकूनही न बघता माझा उरलेला घोडा खाल्ला. मग मी त्यांचा खाल्ला. सातव्या चालीला पटावर एकही घोडा नव्हता. चार घोड्यांचा डाव, आणि चारही घोडे गेले! पुढे दोन-तीन चालींत त्यांनी वजिराने शह दिला, मी वजीर आडवा घातला, तेही एकमेकांना घेऊन गेले. दहा चालींत घोडे नाहीत, वजीर नाहीत. माझी सात प्यादी, त्यांची सात प्यादी, आणि दोन्हीकडे दोन-दोन उंट, दोन-दोन हत्ती. घड्याळात चार मिनिटं झाली होती, त्यातले काही सेकंद घड्याळाच्याच चुकीचे.

सारंगखेड्याची यात्रा संपल्यावर तापीच्या वाळूत जसं शेण, दोरखंडाचे तुकडे आणि विझलेल्या चुली उरतात, तसा पट दिसत होता. जिनिंगवाले शेठ म्हणाले, "चाला, मी जेवून येतो."

जाणकार ही वाट बरोबरीची म्हणून ओळखतात. मोठ्या स्पर्धेत दोन थकलेल्या खेळाडूंना विश्रांती हवी असली की ते इथवर येतात, हात मिळवतात आणि हॉटेलात जाऊन झोपतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. बुद्धिबळाच्या राजेशाही घराण्यातही हेच चालतं. 1984च्या सप्टेंबरात मॉस्कोत कार्पोव्ह आणि कास्पारोव्ह जगज्जेतेपदासाठी बसले. जो आधी सहा डाव जिंकेल तो जगज्जेता, असा नियम होता. पाच महिने खेळले, 48 डाव झाले, त्यातले 40 बरोबरीत. शेवटी फेब्रुवारी 1985 मध्ये निकाल न लावताच लढत थांबवावी लागली. आमच्या टपरीवाल्याच्या भाषेत, तारीख पडली. 2018 साली लंडनमध्ये कार्लसन आणि कारुआना यांनी तर मुख्य लढतीतले बाराच्या बारा डाव बरोबरीत सोडवले. आणि 2025च्या जुलैत आपल्या नागपूरची दिव्या देशमुख बाटुमीला महिला विश्वचषक जिंकली तेव्हा अंतिम फेरीत हंपीविरुद्धचे दोन्ही मोठे डाव बरोबरीतच सुटले होते. निकाल लागला तो जलद डावांत. पण ही उदाहरणं मी टपरीवर दिली नाहीत. कार्लसनला घरी जाताना आमच्या बाजारातून जावं लागत नाही.

थकलेले खेळाडू दहाव्या चालीला हात मिळवतात, पण आम्ही थकलेले नव्हतो. आम्हाला रविवार घालवायचा होता. म्हणून आणखी जवळजवळ तीन तास खेळलो.

दुपार चढली. बाहेर असं ऊन की कुत्रीसुद्धा गटारीच्या कडेला अंग टाकून पडली होती, आणि आत वीज गेली होती. हत्तींच्या दोन्ही जोड्या एकाच उभ्या पट्टीत समोरासमोर आल्या आणि एकेक करून गेल्या. दोघांचा एकेक उंट गेला. उरला माझा एक उंट आणि त्यांचा एक. माझा पांढऱ्या घरांवरून चालणारा, त्यांचा काळ्या.

इथे बुद्धिबळ न खेळणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण माझ्या सगळ्या दुःखाचं मूळ तिथे आहे. पांढऱ्या घरातला उंट आयुष्यभर पांढऱ्या घरातच फिरतो, काळ्यातला काळ्यात. दोघे एका पटावर राहतात, एकमेकांच्या अंगावरून जातात, पण गाठ कधी पडत नाही. आमच्याच गल्लीत वाटणीवरून बोलणं बंद झालेले दोन चुलतभाऊ आहेत. एकच अंगण, एकच नळ. मोठा सकाळी सहाला पाणी भरतो, धाकटा सातला. एकोणीस वर्षांत बादलीला बादली लागलेली नाही. असे दोन उंट उरले की एखाद्याकडे एक प्यादं जास्त असलं, कधी कधी दोन असली, तरी डाव सहसा जिंकता येत नाही. कारण ज्या रंगाच्या घरावर समोरचा ठाण मांडून बसतो, तिथे आपल्या उंटाचा अंमलच चालत नाही.

आणि माझ्याकडे एक प्यादं जास्त होतं!

आयुष्यात पहिल्यांदा मी गुरुजींपेक्षा एका अंकाने पुढे होतो. बघे परत आले. शेठ जेवून, वर ताक पिऊन आले आणि पट बघून म्हणाले, "अरे, हा तर जिंकतोय." आमच्या क्लबात बघ्यांनी बोलू नये असा नियम आहे. तो कागदावर लिहून भिंतीला चिकटवलाही होता. बोलता बोलता कुणीतरी त्याच कागदावर हिशेब केला.

इतक्यात गुरुजींनी खिशातून अडकित्ता काढला.

नियमानुसार बरोबरी कशी मागायची असते? आपली चाल करायची, तोंडाने प्रस्ताव मांडायचा आणि मग घड्याळ दाबायचं. गुरुजी तोंडाने काही मागत नाहीत; चाळीस वर्षं त्यांनी फक्त उत्तरं मागितली. ते सुपारी कातरतात. चार खांडं स्वतःच्या तळहातावर ठेवतात, चार पटाच्या कडेने माझ्याकडे सरकवतात. घेतली तर बरोबरी, नाही घेतली तर खेळ चालू. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो, त्यातलाच हा प्रकार. बाहेरच्याला वाटेल, म्हातारा प्रेमळ आहे.

मी सुपारीकडे पाहिलं, मग माझ्या जास्तीच्या प्याद्याकडे. आणि पाचवीपासूनचे सगळे शून्य आठवून म्हणालो, "दाढ दुखतेय, गुरुजी."

ओसरीत शांतता पसरली. गुरुजींनी ती चार खांडंही स्वतःच्या तोंडात टाकली आणि उंट एक घर मागे घेतला.

पुढचा पाऊण तास काय झालं, ते सांगण्यासारखं नाही. मी राजा उजवीकडे नेला, त्यांनी उंट आणून वाट अडवली. मी राजा डावीकडे नेला, त्यांनी उंट तिकडे नेला. माझा उंट अख्ख्या पांढऱ्या घरांवरून गस्त घालत होता आणि चोर काळ्या घरात निवांत बसला होता. शेवटी मी राजा एक घर पुढे, ते उंट एक घर पुढे. मी एक घर मागे, तेही मागे.

कंडक्टरभाऊंनी तिसऱ्यांदा तेच चित्र पाहिलं आणि टेबलावर पेन्सिल आपटली. वास्तविक तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार असली की खेळाडूने स्वतः दावा करायचा असतो. पण त्यांना जुनी सवय. "तोच थांबा तिसऱ्यांदा आला. उतरा दोघं."

एकेचाळीस चाली. आम्ही हात मिळवले. गुरुजींचा हात सुपारीने रंगलेला, माझा घामाने ओला. ते म्हणाले, "अर्धा बरोबर." वहीत ते असंच लिहायचे, गणिताची रीत बरोबर आणि उत्तर चुकलं की.

मग ओसरीत चर्चा बसली. धरणगावात चर्चेचं वावडं कुणाला नाही. बालकवींच्या आठ ओळींच्या 'औदुंबर'वर शंभर वर्षं मतभेद चालू आहेत. तिथे आमच्या एकेचाळीस चालींवर दोन तास फार नव्हते. शेठच्या मते मी सुपारी घ्यायला हवी होती, कारण आलेली सुपारी नाकारू नये. दुसऱ्याच्या मते घोडे एवढ्या लवकर द्यायला नको होते. तिसरा डाव बघायला आलाच नव्हता, पण त्याचं मत सगळ्यांत ठाम होतं. अर्ध्या गुणापोटी मी सहा जणांचा चहा पाजला.

घरी आल्यावर बायकोने एकच विचारलं, "दाढ दुखतेय म्हणे?" बातमी माझ्याआधी पोचली होती. जेवणात भरीत होतं, कळण्याची भाकरी होती, आणि ती म्हणाली, "तुम्हाला चावायचं नाही ना, तुमच्यासाठी खिचडी टाकलीये."

रात्री भाच्याने माझी चालींची वही घेऊन सगळा डाव मोबाइलमध्ये घातला. यंत्र प्रत्येक चालीपुढे आकडा दाखवतं. बरोबरी असली की शून्य पूर्णांक शून्य शून्य. पहिल्या चालीपासून शून्यांची रांग लागली. माझं जास्तीचं प्यादं आलं तरी शून्यच. मी म्हटलं, बंद कर, पाचवीचं प्रगतिपुस्तक झालं हे.

"थांबा मामा. ही चौतिसावी चाल बघा." आकडा एकदम वर उसळला होता. त्या चालीला मी कडेचं प्यादं पुढे पळवलं असतं तर गुरुजींच्या उंटाची वाट त्यांच्याच प्याद्याने अडलेली होती. प्यादं वजीर झालं असतं. मी राजा हलवला होता. मी छातीवर हात ठेवून बसलो.

"आणि ही पस्तिसावी. तुम्ही राजा हलवलात ना, तो चुकीच्या घरात. आता गुरुजींनी इथून शह दिला असता तर तुमची दोन प्यादी जात होती. ते जिंकत होते."

ते कुणालाच दिसलं नव्हतं. मी भाच्याला सांगितलं, चौतिसावी चाल कागदावर लिहून दे. पस्तिसावी राहू दे.

सोमवारी सकाळी बाजारात वांगी निवडताना गुरुजी भेटले. मी खिशातल्या कागदाकडे हात नेला. पण त्यांनी आधीच धोतराच्या सोग्यातून चार घड्यांचा एक कागद काढला होता, नातवाच्या अक्षरातला. "हे बघ," ते म्हणाले, "पस्तिसाव्या चालीला तू हरलेला होतास. मी म्हटलं, जाऊ दे, पोरगा आपलाच आहे."

मी त्यांचा कागद वाचला. त्यात पस्तिसावीच चाल होती; चौतिसावीच्या जागी कागद नीट फाडलेला होता.

"तुझ्याकडे काय आहे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "वांग्यांचा हिशेब."

गुरुजींनी अडकित्ता काढला आणि चार खांडं माझ्या हातावर ठेवली. या वेळी मी घेतली.